बागायतदाराच्या हातची वाइन

पॅरिसच्या दक्षिण भागात पोर्त द व्हर्साय येथे प्रदर्शनांची मोठमोठी दालने आहेत. तिथे दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस छोट्या, स्वतंत्र द्राक्षबागायतदारांची वाइनजत्रा भरते. फ्रान्सच्या कानाकोपऱ्यांतून सुमारे हजार उत्पादक येतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक अरुंद टेबल येते आणि टेबलामागे बाग कसणारा माणूस स्वतः उभा राहतो. कुठे नवरा-बायको असतात, कुठे बाप आणि मुलगी. लील, लियों, रेन, स्ट्रासबुर अशा शहरांतही हंगामानुसार अशाच जत्रा होतात. त्या भरवणारी संघटना बागायतदारांचीच आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे काही हजार सभासद आहेत आणि पाठीवर पीप घेतलेला माणूस हे तिचे चिन्ह आहे. ते चिन्ह सभासदांच्या बाटल्यांवर पाहायला मिळते.

टेबल मिळवायचे तर संघटनेची सनद पाळावी लागते. द्राक्षवेल स्वतः कसायची, घड स्वतः तोडायचे, रस स्वतःच्या तळघरात आंबवायचा, तिथेच मुरवायचा, बाटल्या तिथेच भरायच्या आणि विकायच्याही स्वतःच. यातला एखादा टप्पा दुसऱ्याकडून करून घेणारा, म्हणजे बाहेरून द्राक्षे विकत घेऊन वाइन करणारा किंवा तयार वाइन घेऊन फक्त लेबल लावणारा, इथे बसू शकत नाही.

ही अट किती कडक आहे हे जळगाव जिल्ह्यातल्या केळी उत्पादकाला सांगावे लागणार नाही. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत शेतकरी खोड लावतो, ठिबक सांभाळतो, शेवरीचे कुंपण करून वाऱ्यापासून बाग राखतो आणि थंडीच्या रात्री बागेत धूर करून घड वाचवतो. पण माल कापणीला आला की त्याची सत्ता बांधावर संपते. भाव ठरतो रावेर किंवा बऱ्हाणपूरच्या बाजाराच्या बोर्डावर. घड व्यापाऱ्याची माणसे कापतात, ट्रक तोच भरतो आणि केळी दिल्लीला किंवा आणखी उत्तरेला पोहोचते तेव्हा ती कोणाच्या बागेतली हे कोणालाच माहीत नसते. चांगला माल पिकवणाऱ्याला त्या चांगुलपणाचे पैसे मिळण्याची वाट इथेच बंद होते. फ्रान्समधला द्राक्षबागायतदारही शंभर वर्षांपूर्वी नेमक्या याच जागी उभा होता. तो तिथून टेबलामागे कसा आला, हे कळल्याशिवाय या जत्रेचा अर्थ लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सची बरीचशी वाइन व्यापाऱ्यांच्या हातात होती. बर्गंडीत शेतकरी रस आंबवून पिपे व्यापाऱ्याला विकायचा. व्यापारी दहा गावांची वाइन एकत्र करून तिला नामांकित गावाचे नाव द्यायचा. मग १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा हा मुळे खाणारा किडा अमेरिकेतून आला आणि पुढच्या काही दशकांत देशभरच्या बागा वाळल्या. वाइनचा तुटवडा पडला तशी मनुके, साखर आणि पाणी यांपासून केलेली बनावट वाइन बाजारात शिरली. अमेरिकी खुंटावर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण तोवर बनावट मालाला चटावलेल्या बाजारात खऱ्या वाइनचा भाव पार कोसळला होता. १९०७ साली दक्षिणेकडच्या लांगदोक प्रांतात शेतकरी रस्त्यावर उतरले. मार्सेलँ आल्बेर हा छोटा बागायतदार त्यांचा पुढारी होता. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंची सभा झाली. सरकारने सैन्य पाठवले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर भेसळीविरुद्धचे कायदे कडक झाले.

पण भेसळ बंद झाली म्हणून गावाचे नाव सुरक्षित होत नाही. ते काम ऱ्होन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पाप या गावाने केले. बॅरन पिएर ल र्‍वा या बागायतदार वकिलाच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी १९२३ पासून स्वतःसाठी नियम बांधून घेतले. कुठल्या जमिनीतल्या द्राक्षांना गावाचे नाव लावायचे, कुठल्या जाती चालतील, छाटणी कशी करायची, वाइनमध्ये मद्यार्क किमान किती हवा, हे सगळे त्यांनीच ठरवले. जमिनीची कसोटी तर फार सुंदर होती. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम या दोन्ही वनस्पती आपोआप उगवतात, इतकी कोरडी आणि हलकी जमीनच नावाला पात्र. याच विचारातून ३० जुलै १९३५ च्या कायद्याने ‘नियंत्रित मूळस्थान’ ही देशव्यापी व्यवस्था आली आणि पुढच्या वर्षी शातोनफ-द्यु-पापला त्या व्यवस्थेखाली मान्यता मिळाली. तिथे उत्पादनावरही मर्यादा आहे. हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी साधारण १,४०० लिटर. त्यासाठी एकरी दोन टन द्राक्षे पुरतात. नाशिककडे खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा टनांच्या आसपास पीक घेतात, त्याशेजारी हा आकडा ठेवला की फ्रेंच शेतकरी किती उत्पन्नावर आपण होऊन पाणी सोडतो ते दिसते.

शेतकऱ्यांनीच एकमेकांना नियमांनी बांधून घ्यायचे, ही गोष्ट खानदेशाला परकी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठावर शतकानुशतके चाललेली फड पद्धत याच जातीची आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याच्या हाताने पाळीप्रमाणे द्यायचे. आपल्या तुकड्यात आपल्या मर्जीचे पीक घेण्याचा हक्क शेतकरी सोडतो आणि बदल्यात पाण्याची खात्री मिळवतो. शातोनफच्या शेतकऱ्याने मर्जीची जात आणि मर्जीचे उत्पादन सोडले. त्याला बदल्यात नावाची खात्री मिळाली. फरक इतकाच की फडाचा नियम पाण्यापाशी थांबला, पीक विकण्यापर्यंत गेला नाही.

नाव सुरक्षित झाले, तरी बाटली अजून व्यापाऱ्याकडेच भरली जात होती. बर्गंडीत १९२० आणि ३० च्या दशकांत मार्की दांजरव्हिल, आंरी गूज, आर्मां रूसो अशा काही बागायतदारांनी पिपे विकणे बंद केले आणि स्वतःच्या तळघरात बाटल्या भरायला सुरुवात केली. नावे उसनी लावण्याबद्दल त्यांनी व्यापाऱ्यांना उघड सुनावले होते, म्हणून व्यापाऱ्यांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. बोर्दोमध्ये फिलिप द रॉथशील्ड या तरुण मालकाने १९२४ साली शातो मुतोँचे सगळे पीक जागेवरच बाटलीबंद केले. तो श्रीमंत घराण्यातला होता, त्याला ते परवडले. साध्या शेतकऱ्याला बाटल्या, बुचे, तळघरातली जागा आणि दोन-तीन वर्षे पैसे अडकवून ठेवण्याची ताकद जमवायला आणखी दोन पिढ्या लागल्या. सगळ्यांनी ही वाट धरली असेही नाही. कित्येक शेतकरी आजही सहकारी तळघरांना द्राक्षे घालतात आणि तेही प्रतिष्ठेचेच काम मानले जाते. जत्रेतला बागायतदार मात्र तळघर आणि गिऱ्हाईक या दोन्हींची जोखीम एकट्याच्या डोक्यावर घेतो.

आता प्रत्यक्ष जत्रा. प्रवेशपत्रासोबत दारातच देठाचा एक काचेचा पेला मिळतो. तो दिवसभर हातात ठेवायचा. टेबलावर पाच-सहा उघड्या बाटल्या, पाण्याची सुरई, पावाचे तुकडे, किमतीचा कागद आणि एक पिकदाणी. पिकदाणीला सर्वात जास्त महत्त्व आहे. जाणकार माणूस वाइन तोंडात घोळवतो आणि थुंकतो, गिळत नाही. दहा टेबलांवर प्रत्येकी पाच घोट गिळले तर अकराव्या टेबलावर जीभ आणि डोके दोन्ही निकामी होतात. थुंकण्यात बागायतदाराचा अपमान नसतो, उलट समोरचा गंभीरपणे चव घेतो आहे हे त्याला कळते.

समजा, टेबल लुआर नदीकाठच्या वूव्रे गावचे आहे. तिथे पांढऱ्या वाइनसाठी शनँ ब्लां ही जात लावतात. हीच जात नाशिक-दिंडोरीतही लावली जाते, म्हणून मराठी पाहुण्याने इथे थांबण्यासारखे आहे. बागायतदार आधी कोरडी वाइन ओततो, पेल्याच्या तळाशी दोन बोटे. कोरडी म्हणजे जिच्यातली जवळजवळ सगळी साखर आंबून गेली आहे ती. पेला तिरपा धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहायचा. मग देठाला धरून गोल फिरवायचा आणि नाक आत घालायचे. पिकलेले सफरचंद, नाशपाती, मध, ओल्या चुन्याच्या भिंतीसारखा काही वास. मग घोट. जिभेच्या कडांना आंबटपणा झोंबतो, तोंडाला पाणी सुटते, थुंकल्यानंतरही चव रेंगाळते. ती किती वेळ रेंगाळते ते मनात मोजायचे. दुसरी बाटली अर्धगोड, तिसरी पूर्ण गोड. गोड वाइनची द्राक्षे उशिरापर्यंत वेलीवर ठेवून, कधी कधी सुरकुतल्यावर तोडलेली असतात. एकाच बागेची, एकाच जातीची, तरी तीन वेगळ्या वाइन. हा फरक समजावून सांगायला बागायतदार बागेचा नकाशा उघडतो. वरच्या माळावर चकमकीचे खडे असलेली चिकणमाती आहे, उतारावर चुनखडी आहे, आणि कुठला तुकडा कुठल्या बाटलीत गेला हे तो बोट ठेवून दाखवतो.

मग गोष्ट हवामानावर येते, आणि इथे दोन शेतकऱ्यांना दुभाष्याची फारशी गरज पडू नये. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर कडाक्याचे दहिवर पडले. नुकत्याच फुटलेल्या डोळ्यांना वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी रात्रभर बागांच्या ओळींत शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. तरीही त्या वर्षीचे पीक फार कमी आले. रावेर-यावलमध्ये पारा दहा अंशांच्या खाली घसरला की केळीची वाढ थांबते, घड अडकतात, म्हणून तिथला शेतकरी रात्री पाणी देतो आणि धूर करतो. धडपड दोन्हीकडे सारखीच. पण वूव्रेच्या बाटलीवर २०२१ हे साल छापलेले असते, गिऱ्हाईक त्या सालाबद्दल विचारते आणि कमी पिकलेल्या वर्षाची वाइन थोडी महाग का, हे त्याला बागायतदाराच्या तोंडून कळते. केळीच्या बोर्ड भावात गेल्या जानेवारीतल्या जागरणाचा उल्लेख कुठेच नसतो.

जत्रेत बाटली हातात घेऊन वाचायला शिकणे फायद्याचे ठरते. सर्वात मोठ्या अक्षरांत नाव गावाचे किंवा प्रदेशाचे असते, द्राक्षाच्या जातीचे पुष्कळदा नसतेच. बर्गंडीची लाल वाइन पिनो न्वारची हे वाचणाऱ्याने गृहीत धरायचे. त्याखाली बाटली कुठे भरली याची ओळ असते. ‘बागेतच बाटलीबंद’ या अर्थाची ती ओळ असेल तर काम मालकाकडेच झाले असे समजावे. शँपेनच्या बाटलीवर बारीक अक्षरांत दोन रोमन अक्षरांचे चिन्ह असते. ‘आर एम’ म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची शँपेन करणारा शेतकरी, ‘एन एम’ म्हणजे द्राक्षे विकत घेणारे व्यापारी घराणे. जगभर गाजलेली शँपेनची नावे बहुतेक दुसऱ्या प्रकारची आहेत. ही दोन अक्षरे पाहण्याची सवय लागली की दुकानातल्या फळीवरही शेतकरी ओळखता येतो.

खरेदी बहुधा सहा किंवा बारा बाटल्यांच्या खोक्याने होते. जाणते पाहुणे घरून दोन चाकांची हातगाडी घेऊन येतात आणि संध्याकाळी दालनाबाहेर त्या गाड्यांची रांग लागते. वर्षानुवर्षे तेच गिऱ्हाईक त्याच टेबलावर येते, मागच्या वर्षीची बाटली कशी निघाली ते सांगते, मुलांची विचारपूस होते. जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याला ही ओळख पुरते. शिवाय १९९१ च्या एव्हँ कायद्याने फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातीवर कडक बंधने घातलेली आहेत, त्यामुळे समोरासमोर दिलेल्या माहितीचे मोल आणखी वाढते. ती बंधने योग्यच आहेत. वाइन कितीही निगुतीने केलेली असली तरी तिच्यातला मद्यार्क कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे आणि त्याचे प्रमाण कितीही कमी असले तरी ते निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. चव घेऊन थुंकणारी ही जत्रा न पिणाऱ्या माणसालाही पाहता येते, आणि शेतीची म्हणून ती पाहावीच.

महाराष्ट्रात या जत्रेचे सर्वात जवळचे रूप नाशिक जिल्ह्यात सापडते. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क काढले. त्याआधीच राजीव सामंत यांनी नाशिकला सुलाची बाग लावली होती आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली होती. आज सुला देशातली सर्वात मोठी वाइन कंपनी आहे आणि तिची बहुतांश द्राक्षे करारावरच्या शेतकऱ्यांकडून येतात. करारामुळे शेतकऱ्याला भावाची शाश्वती मिळते ही मोठीच गोष्ट, पण बाटलीवर त्याचे नाव येत नाही. फ्रेंच सनदेच्या जवळ जाणारे उत्पादक थोडे आहेत. निफाडजवळ कुंदेवाडीत यतीन आणि किरण पाटील यांची रेव्हेलो आपल्या बागेतल्या द्राक्षांची वाइन करते. इगतपुरीजवळ कावनईला शैलेंद्र पै यांनी व्हॅलोने उभी केली. गंगापूर धरणाजवळची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी २०२१ मध्ये सुलाने घेतली. छोट्या उत्पादकाला तग धरणे किती कठीण जाते याचे हे उदाहरण आहे.

इथली बागही वेगळी चालते. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. वूव्रेला शनँची तोडणी शरदातल्या गारव्यात होते, नाशिकला ती जानेवारी ते मार्च या काळात. ऊन वाढते तसा घडातला आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून भल्या पहाटे घड तोडून थंड ठेवतात. नाशिकच्या शनँमध्ये पेरूसारखा, पिकल्या फळांचा वास जास्त आणि धार कमी लागते, त्याचे मूळ इथे आहे. वूव्रेचा घोट आणि दिंडोरीचा घोट शेजारी ठेवून पाहणे हा द्राक्षशेतीचा उत्तम धडा आहे. फ्रेंच वाइनवर भारतात बराच काळ १५० टक्के सीमाशुल्क राहिल्यामुळे तो धडा फार थोड्यांना परवडला.

कायद्याची चौकटही वेगळी आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. वायनरीला आपल्या आवारात चव देण्याची आणि विक्रीची मुभा आहे, पण शहरातल्या मैदानावर पन्नास शेतकऱ्यांनी पन्नास टेबले मांडायची तर प्रत्येक वेळी उत्पादन शुल्क विभागाच्या परवानग्यांमधून जावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्याला मोठा विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याच्या हिताचे नाव घेतले. शेतकऱ्याला गिऱ्हाइकासमोर उभे करण्याचा मुद्दा मात्र त्या वादात फारसा आलाच नाही.

खानदेशात वाइनच्या द्राक्षांचे क्षेत्र नगण्य आहे, त्यामुळे इथे प्रश्न येतो केळीचा. वाइन द्राक्षाचीच हवी असा नियम नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत चिकूची वाइन तयार होते. पिकलेल्या केळ्यातही भरपूर साखर असते, आणि पूर्व आफ्रिकेत केळीचे आंबवलेले पेय पिढ्यान्‌पिढ्या केले जाते. अडचण रसाची आहे. केळे दाबले की रस सुटत नाही, पेक्टिनमुळे चिकट लगदा हाती येतो. त्यात पेक्टिन फोडणारे विकर घालावे लागते, मग रस निवळतो. केळ्यात आंबटपणा कमी, म्हणून आम्लही बाहेरून घालावे लागते, नाहीतर वाइन मिळमिळीत लागते आणि लवकर बिघडते. हे तंत्र अवघड नाही. बाटली भरण्याची सोय, अबकारी परवाना आणि माल मुरेपर्यंत दम धरण्याचे भांडवल मात्र एकट्या पाच एकरवाल्याच्या आवाक्यातले नाही. बर्गंडीच्या साध्या शेतकऱ्याला दोन पिढ्या लागल्या त्या याच कारणाने.

मद्य बाजूला ठेवले तरी जत्रेमागची व्यवस्था खानदेशात अर्धी उभी आहे. जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. केळीची नोंदणी रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे झाली. शातोनफला १९३६ साली जे मिळाले त्याच जातीचे हे संरक्षण आहे. पण मानांकन गावाच्या नावाचे असते. ते आपल्या मालावर लावायचे तर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि बोर्ड भावाने बांधावर घड देणाऱ्याला त्या नोंदणीचा उपयोग नसतो. उपयोग होतो तो घड फण्यांत कापून, धुऊन, प्रतवारी करून, खोक्यात भरून स्वतः पाठवणाऱ्याला. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला गेली, एका खेपेत २२ टन. भरिताच्या वांग्याला तर हिवाळ्यात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. शेताशेतांवर भरीत पार्ट्या होतात, काड्यांच्या आगीवर वांगी भाजली जातात, आणि शहरातून आलेला पाहुणा वांगे कोणाच्या वाफ्यातले हे विचारूनच जेवायला बसतो.